सहा ग्रॅम रंगासाठी

अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांत स्वयंपाकाचा एक जुना ओव्हन उभा असतो. एके काळी त्यात केक फुगायचे, बटाटे भाजले जायचे. आता त्यात तारेच्या आकड्याला स्टीलचा पेला उलटा टांगलेला असतो. पेला म्हणजे आपलं फुलपात्र नव्हे. दुहेरी भिंतीचा, मधल्या पोकळीतली हवा काढून घेतलेला, सकाळची कॉफी दुपारपर्यंत गरम ठेवणारा उंच टम्बलर. ओव्हनचा काटा ४०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबात २०४ अंश सेल्सियसवर असतो. वीसेक मिनिटांनी दार उघडलं की आत गेलेला ओकाबोका पेला मोरपंखी, जांभळा नाहीतर शेंदरी होऊन बाहेर येतो. घरगुती पावडर कोटिंग म्हणतात ते हेच.

पावडर उडवायची बंदूक आणि ती पावडर आता ऑनलाइन मागवता येते, ओव्हनची जागा घ्यायला ओटीजी आहे आणि टम्बलर तर ऑफिसातल्या टेबलाटेबलावर दिसतो. तेव्हा हा छंद पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये शिरायला फार वेळ लागणार नाही. तो शिरण्याआधीच सांगायला हवं की पावडर कोटिंग हे अव्वल काम आहे, पण ते घरात करायचं काम नाही.

मुळात लोकांना ही हौस का लागली, हे समजून घेण्यासारखं आहे. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात रॉय आणि रायन सीडर्स या दोन भावांनी २००६ साली ‘यती’ ही कंपनी काढली ती मासेमारीला नेण्याच्या मजबूत बर्फपेट्यांसाठी. २०१४ मध्ये त्यांनी ‘रॅम्बलर’ नावाने स्टीलचे पेले बाजारात आणले आणि पाणी प्यायच्या भांड्याला मोटारीसारखी प्रतिष्ठा मिळाली. ‘स्टॅन्ली’चं नाव त्याहून जुनं. विल्यम स्टॅन्लीने सगळा पोलादाचा थर्मस केला तो १९१३ मध्ये. कामगारांच्या डब्याशेजारचा तो हिरवा थर्मस शंभर वर्षांनी गुलाबी, फिकट जांभळा झाला आणि २०२३च्या सुमारास कॉलेजातल्या मुलींनी तो डोक्यावर घेतला. आतली पोकळीची युक्ती तीच होती. नवा होता तो रंग.

मग साधे, बिनरंगी टम्बलर डझनावारी घ्यायचे, गावातल्या शाळेच्या संघाच्या रंगात रंगवायचे, वर नाव कोरायचं आणि जत्रेत विकायचे, असा एक जोडधंदाच उभा राहिला. नाव कोरण्यातली गंमत अशी की या मंडळींकडचा कार्बन डायऑक्साइड लेझर नुसत्या स्टीलवर जवळपास काहीच उमटवत नाही, ते त्याला परतवून लावतं. वर रंगाचा थर असेल तर मात्र लेझर तो नेमका जाळतो आणि खालचं चकचकीत स्टील अक्षर होऊन दिसतं. म्हणजे नाव हवं तर आधी रंग हवा.

मराठी घराला यातलं नवं काय? लग्नाच्या आहेरातल्या प्रत्येक डब्यावर, तांब्यावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली देणाऱ्याचं नाव घालून घेणारी माणसं आपण. भांड्यांच्या दुकानात ते हातातलं यंत्र टर्रर करत ताटाच्या काठावर अक्षरं काढत जातं, तेव्हा पुढे उभं राहून स्पेलिंग तपासण्यात प्रत्येकाचं अर्धं बालपण गेलेलं आहे. भांडं आपलं आहे हे भांड्यावर दिसलं पाहिजे, हा हट्ट जुनाच. त्यामुळे या हौसेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न जागेचा आहे.

पावडर कोटिंगचा जन्म जर्मनीतला. एर्विन गेमर या शास्त्रज्ञाने १९५३ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची रीत आजच्याहून वेगळी होती. खालून हवा सोडलेल्या हौदात पावडर उकळत्या दुधासारखी खदखदायची, तापवलेली वस्तू तो त्यात बुडवायचा आणि पावडर गरम धातूला लागून वितळायची. बंदुकीने पावडर उडवायची पद्धत साठच्या दशकात आली आणि मग सायकली, खिडक्यांच्या चौकटी, धुलाईयंत्रं, पाळणे, कपाटं असं करत ती आपल्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचली. हात पुरेल तिथे एखादी तरी वस्तू पावडर कोटिंगची असतेच. आपण तिला नुसतं ‘रंगवलेली’ म्हणतो.

ही पावडर म्हणजे कोरडा ऑइलपेंट नव्हे. राळ, रंगद्रव्य आणि ती राळ घट्ट करणारं रसायन एकत्र वितळवतात, पापडासारखं पातळ लाटतात, थंड झालं की तुकडे करतात आणि मैद्यासारखं दळतात. बंदुकीच्या टोकाशी पावडरीच्या कणांवर विजेचा भार चढतो. कारखान्यातल्या बंदुकीत त्यासाठीचा विजेचा दाब ६० हजार ते १ लाख व्होल्टचा असतो, हौशी बंदुकीत साधारण १० ते २५ हजारांचा. पेला अर्थिंगला जोडलेला असला की भारलेले कण त्याच्याकडे ओढले जातात, अगदी वळसा घालून मागच्या बाजूलाही बसतात. मग भट्टी. तिथे पावडर आधी वितळते, पसरते आणि मग तिचे रेणू एकमेकांत असे गुंततात की पुन्हा कितीही तापवलं तरी ती पातळ होत नाही. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, तसंच.

यात थिनर नाही, त्यामुळे थिनरचा वासही नाही. ओघळ येत नाहीत. खाली सांडलेली पावडर गोळा करून परत वापरता येते. आणि लागते किती? तीस औंसांचा, म्हणजे पाऊण लिटरहून थोडा मोठा पेला घेतला तर त्याचं बाहेरचं क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटिमीटरांच्या आसपास भरतं. थराची जाडी ७० मायक्रॉन धरली आणि पावडरीची घनता पाण्याच्या दीडपट, तर हिशेब होतो सहा-साडेसहा ग्रॅम. दीड चमचा साखरेइतका ऐवज! कागदावर पाहिलं तर याहून सोपा घरगुती उद्योग नसेल.

पण या सहा ग्रॅमना स्टीलवर टिकवणं, हेच खरं काम आहे आणि स्टील या बाबतीत महाहट्टी. टम्बलरचं स्टील सहसा १८/८ जातीचं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर ऑक्साइडचं अतिशय पातळ कवच तयार होतं आणि ओरखडा पडला तरी ते आपोआप भरून येतं. म्हणून स्टील गंजत नाही. आणि म्हणूनच त्याच्यावर रंगही धड बसत नाही. जे कवच गंजाला आत येऊ देत नाही ते रंगाला तरी कशाला दाद देईल?

आपल्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये कोणालाही विचारा, तो ‘सेव्हन टँक’चं नाव घेईल. एका रांगेत सात टाक्या: तेलकटपणा काढायचा, धुवायचं, गंज उतरवायचा, धुवायचं, फॉस्फेटचा थर द्यायचा, धुवायचं, शेवटी पॅसिव्हेशन. लोखंडी ग्रिल या सातांतून निघालं की रंग त्याला वर्षानुवर्षं सोडत नाही. स्टेनलेस स्टीलला मात्र ते फॉस्फेट धरतच नाही. त्याला एकच भाषा कळते, ती म्हणजे ब्लास्टिंग. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक खडी दाबाच्या हवेने मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा, म्हणजे रंगाला नखं रोवायला जागा मिळते.

इथेच घरगुती बेत पहिल्यांदा अडखळतो. ब्लास्टिंगला कॉम्प्रेसर हवा, बंद पेटी हवी. ते नाही म्हणून कोणी नदीची वाळू चाळून वापरली, तर तिच्यातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिसला आजही औषध नाही. लोखंडी छर्रे वापरले तर त्यांचे कण स्टीलमध्ये रुततात आणि काही महिन्यांनी सुंदर रंगाखालून गंजाचे तांबडे ठिपके वर येतात. सँडपेपरने घासणाऱ्याचं काम भागतं, पण अर्धवटच. त्यानंतर पेल्याला उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाच्या ठशातलं तेलसुद्धा पुढे फुगा होऊन दिसतं. अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग एकदा नुसताच तापवायचा, म्हणजे सांध्यात दडलेलं तेल जळून बाहेर पडेल. ओठ लागतात तो काठ आणि आतली बाजू उष्णता सोसणाऱ्या टेपने, बुचाने झाकायची. एवढं झालं की बंदूक हातात घ्यायची.

आणि ते दिवस पावसाळ्याचे असतील तर घ्यायचीच नाही. कोकणातल्या जुलैत मीठ जिथे डब्यात पाझरतं, तिथे ही पावडर गुठळ्या धरल्याशिवाय कशी राहील? ओल्या हवेत बंदूक थुंकते आणि पेल्यावर पुरळ उठतो.

हे झालं कोऱ्या पेल्याचं. आधीच रंगवलेला पेला नव्या रंगात हवा असेल तर जुना थर उतरवावा लागतो. तो घट्ट शिजलेला असल्यामुळे साध्या थिनरला भीक घालत नाही. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मेथिलीन क्लोराइड असलेले रिमूव्हर वापरले. हे द्रव ४० अंशांनाच उकळतं, त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचून राहते आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. १९८० पासून अमेरिकेत या रसायनाने ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्यांतले बरेचसे बाथटब आणि घरांचे जुने रंग उतरवणारे कामगार होते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांसाठी असे रिमूव्हर बंद केले आणि २०२४ मध्ये बंदी आणखी व्यापक केली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हरचा डबा घेताना लेबलावर हे नाव आहे का ते वाचावं. मेथिलीन क्लोराइड, नाहीतर त्याचंच दुसरं नाव डायक्लोरोमिथेन.

आता पेल्याच्या पोटातली गोष्ट. निर्वात पोकळीची युक्ती जेम्स ड्यूअरची, १८९२ची. अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी त्याने ती काढली. आजच्या टम्बलरमध्ये दोन भिंतींच्या मधली हवा कारखान्यात काढून घेतात आणि तळाशी राहिलेलं बारीक छिद्र एका ठिपक्याने कायमचं बंद करतात. हा ठिपका कशाचा असतो? ‘स्टॅन्ली’ने जानेवारी २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की त्यांच्या उत्पादनांत तळाचा हा जोड बंद करण्यासाठी वापरलेल्या मालात काही प्रमाणात शिसं असतं आणि त्यावर स्टीलची चकती बसवलेली असल्याने ते वापरणाऱ्याच्या संपर्कात येत नाही. चकती जागेवर आहे तोवर हे म्हणणं बरोबरच आहे. पण ती निघाली तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ग्रीन स्प्राउट्स’ या कंपनीने लहान मुलांच्या साडेदहा हजार स्टीलच्या बाटल्या आणि कप परत मागवले होते. त्यांचा तळ निघून शिशाचा ठिपका उघडा पडू शकत होता.

घरगुती कोटिंगवाला नेमकं काय करतो? पेला खडीने झोडपतो, तळाच्या चकतीसकट, आणि मग दोनशे अंशांना भाजतो. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला धोका नाही. पण कथील आणि शिसं यांचा ओळखीचा मिश्र डाग, रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर असतो तो, १८३ अंशांना पाणी होतो. कोणत्या स्वस्त पेल्यात कोणता डाग आहे हे खोक्यावर छापलेलं नसतं. डाग हलला की निर्वात पोकळी संपली. पेला दिसायला झकास, पण आत चहा ओतल्यावर बाहेरून हात भाजतो. असा पेला म्हणजे महागातला साधा ग्लास.

गळका पेला तर भट्टीत जाताच कामा नये. धुताना त्याच्या पोकळीत पाणी शिरलेलं असेल तर दोनशे अंशांना त्या कोंडलेल्या वाफेचा दाब घरच्या प्रेशर कुकरच्या दहापटींहून वर जाऊ शकतो. कुकरला शिट्टी असते, पेल्याला नसते.

पाककलेच्या बाजूने पाहिलं तरी ओटीजी या कामाला नालायकच. तीस-चाळीस लिटरच्या ओटीजीत वीस सेंटिमीटर उंचीचा पेला उभा केला की त्याचं डोकं लाल झालेल्या तारेच्या अगदी जवळ जातं. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. बटणावरचा आकडा हवेचा असतो, पावडर शिजते ती धातूच्या तापमानाला. डब्यावर ‘२०० अंश, १० मिनिटं’ लिहिलेलं असलं तर ती दहा मिनिटं पेला स्वतः दोनशेला पोचल्यावर सुरू होतात, दार बंद केल्यापासून नव्हे. ते मोजायला लांबून तापमान दाखवणारी बंदूक आणली, तर ती उघड्या चकचकीत स्टीलवर धरताच खोटं बोलते, प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. गोम अशी की कच्चा राहिलेला रंग पक्क्या रंगाइतकाच देखणा दिसतो. त्याचं बिंग फुटतं ते अ‍ॅसिटोनचा बोळा घासल्यावर, नाहीतर तारेच्या घासणीने चार वेळा धुतल्यावर.

तरीही कोणी म्हणेल, आमचा ओटीजी जुना झालाय, त्यात रंग भाजू आणि अधूनमधून नानकटाईही. तसं करू नये. का करू नये ते पावडरीच्या गोणीवर वाचायला मिळतं. बाहेर उन्हात टिकणाऱ्या पॉलिएस्टर पावडरीत घट्टपणा आणण्यासाठी अनेक वर्षं टीजीआयसी नावाचं रसायन वापरलं जातं आहे. ते पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याला अपाय करू शकतं, म्हणून युरोपने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या पावडरीवर विषारी म्हणून खूण सक्तीची केली आणि तिथले उत्पादक दुसऱ्या रसायनाकडे वळले. नीट शिजलेल्या थरात त्याची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती हवेत उडणाऱ्या कच्च्या पावडरीची आणि अर्धवट शिजलेल्या थराची, म्हणजे घरगुती कामात हमखास घडणाऱ्या दोन गोष्टींची.

दुसरी गोष्ट रंगद्रव्याची, आणि ती आपल्या कायद्यातल्या एका फटीशी जोडलेली आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर २०१६च्या नियमांनी मर्यादा घातली, दहा लाख भागांत ९० भाग, आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. पण हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते. औद्योगिक रंग त्यांच्या बाहेर राहिले. भडक पिवळ्या आणि नारिंगी औद्योगिक रंगांत लेड क्रोमेट वापरायची रीत जुनी आहे. जेसीबीला किंवा गटाराच्या झाकणाला तो रंग दिला तर कोणी ते चाटणार नाही. पण तीच सुटी पावडर किलोवर आणून कोणी पेल्याला दिली, त्या पेल्यातून लहान पोरानं लिंबाचं सरबत प्यायलं, काठ दातांनी कुरतडला, तर? काठ आणि आतली बाजू कोरी ठेवायची ती याचसाठी. पावडर पुरवणाऱ्याकडून ती शिसेमुक्त असल्याचं लेखी मागायचं तेही याचसाठी. ज्याला हे देता येत नाही त्याचा पिवळा रंग पेल्यावर नको.

राहिला स्फोट. शब्द मोठा वाटतो, पण पिठाच्या गिरण्यांमध्ये, साखर कारखान्यांमध्ये धुळीचे स्फोट झालेले आहेत आणि पावडर कोटिंगची धूळ त्याच कुळातली. हवेत घनमीटरला साधारण ३० ते ७० ग्रॅम पावडर तरंगत असली की ठिणगी पुरते. घरगुती कोटिंगवाले पुठ्ठ्याच्या खोक्याचा बूथ करतात. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच खोक्यात पाव घनमीटरपेक्षा कमी हवा मावते. तिच्यात सात-आठ ग्रॅम पावडर एकसारखी तरंगत राहिली तरी आपण त्या धोक्याच्या काठावर येतो. म्हणजे जेवढी एका पेल्यावर बसते, जवळजवळ तेवढीच! चांगला पंखा धूळ ओढून नेत असेल तर ही पाळी येत नाही, आणि म्हणूनच असे अपघात रोज ऐकू येत नाहीत. पण फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पंखा बहुधा छताला असतो, गॅस हातभर अंतरावर असतो आणि देव्हाऱ्यात समई. अर्थिंगचं म्हणाल, तर आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन नुसती शोभेला असते. अर्थिंग नसलेला पेला स्वतःच भारून जातो आणि ठिणगी मग तोच टाकतो.

हे सगळं सांभाळून उत्तम काम करणारी माणसं अमेरिकेत आहेत, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. घरापासून अलग गॅरेज, गाडी बाहेर काढून मोकळी केलेली जागा, ओव्हनसाठी स्वतंत्र वायर, मास्क, धूळ ओढणारं यंत्र आणि मुख्य म्हणजे पाच-पन्नास पेले बिघडवायची तयारी. अशांपैकी काहींनी पुढे रीतसर दुकानं थाटली. त्यांच्या व्यवस्थेतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ते गॅरेजच, आणि कुरिअरने येत नाही ती तेवढीच.

आपल्याकडेही भांड्यांना थर द्यायची घरोघरची परंपरा होती. कल्हईवाला गल्लीत यायचा, खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणजे त्याची भट्टी या ओव्हनपेक्षा गरमच. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा. पण तो बसायचा अंगणात, नाहीतर रस्त्याच्या कडेला. चुलीपाशी बसून कल्हई करून दे, असं त्याला कोणत्याही आजीनं सांगितलं नाही.

आज त्या कल्हईवाल्याची जागा घेऊ शकेल असा माणूस आपल्या शहरांत आहे, फक्त त्याच्याकडे कोणी पेला घेऊन जात नाही. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, सातपूर, रबाळे, जिथे म्हणून एमआयडीसी आहे तिथे पावडर कोटिंगच्या शेड आहेत. धूळ ओढणारा बूथ, खोलीएवढी भट्टी, पक्कं अर्थिंग आणि रोज हेच काम करून सरावलेले हात. अडचण एवढीच की एकटा पेला घेऊन गेलात तर ते परत पाठवतात. त्यात त्यांची चूक नाही. पेल्यासाठी रंग बदलायचा म्हणजे बूथ पुसायचा, बंदूक आणि नळ्या झटकायच्या, आधीच्या रंगाचा एक कण उरला तरी नवा थर डागाळतो. सहा ग्रॅम जांभळ्या रंगासाठी सगळी लाइन थांबवणं कुणालाच परवडणार नाही.

पण यावर उपाय आपल्याच गल्लीत आहे, पिठाच्या गिरणीत. तिथे कोणी आपल्या दोन किलो ज्वारीसाठी जातं स्वच्छ करून मागत नाही. गव्हामागे गहू, ज्वारीमागे ज्वारी. डबा ठेवून जायचं, ज्वारीची पाळी आली की दळण होतं. शेडवाल्यांनी हेच करायला काय हरकत आहे? दाराशी एक फळा: सोमवारी काळा, बुधवारी पांढरा, शुक्रवारी लाल. मोठ्या गिऱ्हाइकाच्या ग्रिलच्या रांगेत शेवटच्या आकड्याला गावातल्या चार हौशी माणसांचे पेले लटकले तर भट्टीला काही कमी पडत नाही. रंगाची निवड थोडी आटेल. जांभळ्यावर सोनेरी चमक मिळणार नाही, कपाटाचा करडा मिळेल. सायकलीचा लाल मिळेल. तो घेऊन भांडीवाल्याकडे, नाहीतर लेझरवाल्याकडे जावं, नाव घालून घ्यावं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दोनशे पेले हवे असतील तर शेडवाला हवा तो रंगही आनंदाने लावेल. बचत गटांनी, नाव कोरणाऱ्या दुकानदारांनी आठवड्याचे पेले गोळा करून एकदम नेले तर या हौसेतून दोन घरांचं पोटही भरेल.

शेडवाल्यांनी फळा लावावा, आणि ज्यांना रंगीत पेला हवा आहे त्यांनी निघण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पेल्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावावा. भिंत तापली असेल तर पोकळी आधीच गेलेली आहे, तो पेला भट्टीत देऊ नये. पावडरवाल्याचं शिसेमुक्तीचं पत्र शेडवाल्याकडे मागावं, आणि काठापासून दोन बोटं कोरी ठेवायला सांगावं. झाकण, रबराची रिंग आणि प्लास्टिकचं हँडल मात्र घरीच काढून ठेवावं, कारण भट्टीतून ते आहे तसं परत येणार नाही.